टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी थरथरतेय? आधी मार्क बघा

बेल्ट बदलल्यापासून आयडलला गाडी थरथरते, पिकअप गेलाय आणि चेक इंजिनचा लाइट लागलाय म्हणताय, आणि बाकी सगळेजण तुम्हाला सेन्सर बदला म्हणतायत. अहो थांबा जरा, काल बेल्टला हात लावला आणि आज नेमका सेन्सर मेला असं सहसा होत नाही. टायमिंग बेल्ट क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडून फिरवतो, आणि माझ्या मते तो एखादा दात पुढेमागे बसलाय. एक दात म्हणजे किरकोळ वाटतं, पण क्रँकच्या पुलीला २० दाते असतील तर तो फरक १८ डिग्रीचा होतो, गाडी चालू होते पण जीव नसतो तिच्यात. स्कॅनरला पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये एवढंच कळतं, सेन्सर खराब आहे असं नाही.

आता स्टार्टर मारू नका. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, क्रँकच्या बोल्टला पाना लावून नेहमीच्या दिशेनेच हाताने पूर्ण २ फेरे द्या (कॅम तेवढ्यात एकच फेरा मारतो) आणि मग क्रँक-कॅमच्या पुलींवरचे मार्क इंजिनवरच्या खुणांशी जुळतात का बघा. मध्येच कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, बऱ्याच इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मार्क जुळत नसतील तर बेल्ट परत बसवा, टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारी पुली) विरुद्ध बाजूला ढील ठेवू नका, बहुतेक चूक तिथेच होते, टेन्शनर सोडला की कॅम सरकतो. मार्क जुळूनही तसंच असेल तर क्रँक पुलीची चावी (पुलीला दांड्यावर जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) तुटलीय का ते बघा, आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा.