येझी ओसोलिन्स्की: उधळ्या सरदार की मोठा मुत्सद्दी?

गडमाथा:
पोलंड-लिथुएनियाचा सरदार येझी ओसोलिन्स्की (१५९५-१६५०) म्हटलं की सगळे १६३३ च्या रोमबद्दलच बोलतात. राजा चौथा व्लादिस्लावचा वकील म्हणून तो पोपच्या भेटीला गेला. मिरवणुकीत उंट होते, आणि घोड्यांना सोन्याचे नाल मुद्दाम सैल ठोकले होते, वाटेत गळून पडावेत म्हणून! स्तेफानो देल्ला बेल्लाच्या कोरीव चित्रांत तो थाट आजही बघता येतो.

पण त्याची खरी कसोटी लागली १६४९ मध्ये, आजच्या युक्रेनमधल्या झ्बोरिवला. नवा राजा यान काझिमिएश बंडखोर कोसॅक (युक्रेनच्या मुलखातले लढवय्ये) आणि त्यांचे साथीदार क्रिमियाचे तातार यांच्या कचाट्यात सापडला होता. तेव्हा चान्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री, असलेल्या ओसोलिन्स्कीने तातारांचा खान इस्लाम गिराय याच्याशी बोलणी लावून त्याला कोसॅकांचा नेता ख्मेलनित्स्की याच्यापासून फोडलं आणि राजा सुटला. एवढ्या मुत्सद्द्याची आठवण नालांपुरती उरावी, याचं वाईट वाटतं.

सांजवारा:
साफ असहमत. रोमला जाऊन मिळवलं काय? ऑर्थोडॉक्स प्रजेला राजाने दिलेल्या सवलतींवर पोप आठव्या अर्बनची मोहोर उमटली नाहीच. स्वतःसाठी मात्र प्रिन्सचा किताब पदरात पाडून घेतला! आपण सगळे बरोबरीचे, हाच तिथल्या सरदारांचा अभिमान. १६३८ मध्ये सेय्मने, म्हणजे त्यांच्या संसदेने, असे परदेशी किताब बंदच केले. आणि झ्बोरिवची सुटका खानाला पैसे मोजून झाली. १६५१ ला बेरेस्तेच्कोच्या लढाईत कोसॅकांशी पुन्हा तलवारी निघाल्याच.

गडमाथा:
त्याचा दोष ह्याच्या माथी का? झ्बोरिवच्या करारात ४०,००० नोंदणीकृत कोसॅक, म्हणजे राजाच्या यादीतले सैनिक, मान्य केले, कीवच्या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखाला सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जागा कबूल केली. कॅथलिक बिशपांनी त्याला तिथे बसू दिलं नाही. शब्द दिला एकाने, मोडला दुसऱ्यांनी. शिवाय १६५१ उजाडेपर्यंत ओसोलिन्स्की हयातही नव्हता.

नदीकाठ:
तुम्ही दोघेही शेतकऱ्यांना विसरताय. त्या ४०,००० च्या यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांनी परत जमीनदाराच्या वेठीला जायचं, असा त्या कराराचा अर्थ. बंडात तर तेच हजारोंनी उतरले होते. ते कसे गप्प बसतील?

गडमाथा:
हा मुद्दा मान्य. पण राजा कोंडीत, तिकडे झ्बाराझच्या वेढ्यात सैन्य उपाशी. त्या घडीला आणखी काय पदरात पडलं असतं, सांगा ना.

सांजवारा:
त्या घडीला काहीच नाही. चूक त्याआधीची आहे. १६४६ मध्ये तुर्कांवर स्वारी करायची म्हणून तेव्हाचा राजा व्लादिस्लावने कोसॅकांना आशा लावली, चान्सलर त्यात सामील होता. विरोध वाढताच चान्सलरने अंग काढून घेतलं. पेटलेल्या कोसॅकांचं पुढे काय होणार, हा विचार तेव्हाच करायला हवा होता.