मदत हवी आहे: घरात बाळ, नवऱ्याची सिगारेट आणि सासऱ्यांची बिडी

नमस्कार मंडळी,

मुलगी आठ महिन्यांची आहे. डोंबिवलीत वन बीएचके, घरात आम्ही तिघं आणि सासरे. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच नवऱ्याने घरात ओढणं बंद केलं, कुणी न सांगता. त्याचं मला खरंच कौतुक आहे. गॅलरीत ओढायचा वेगळा टी-शर्ट खिळ्याला टांगलेला असतो, आत येताना तो बदलतो, हात धुतो, बडीशेप खातो.

पण सिगारेटी कमी झाल्या नाहीत, फक्त जागा बदलली. जागरणांमुळे थोड्या वाढल्याच असाव्यात. गॅलरीचं दार हॉलमध्ये उघडतं आणि मुलगी दिवसभर तिथेच रांगते. बाबा आत आला की त्याची बोटं धरून थेट तोंडात घालते. धूर गेला तरी निकोटीन केसांना, पडद्यांना, गादीला चिकटून राहतं. सर्दी झाली की तिची छाती घरघरते. सिगारेटमुळेच असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण धुराने लहान मुलांना दमा, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग यांचा धोका वाढतो आणि खिडकी उघडून, पंखा लावून तो टळत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

सासरे बाथरूममध्ये बिडी ओढतात. "तुझा नवरा नाही का वाढला याच धुरात?" म्हणतात. सार्वजनिक जागी २००८ पासून कडक बंदी आहे, पण घरात सुनेने सासऱ्यांना किती बोलायचं? नवऱ्याने बोलावं, तर त्याचीच सुटलेली नाही.

मूल झाल्यावर ज्यांनी खरंच सोडली, त्यांना कशाचा उपयोग झाला? १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर कुणी बोललंय का? निकोटीनचं च्युइंगम नवऱ्याने आणलं होतं, मळमळतं म्हणून टाकून दिलं.

प्रतिसाद:
ताई, ते च्युइंगम साध्यासारखं सतत चघळलं की मळमळतंच. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचं, मग पुन्हा चावायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं घ्यायचं नाही. माझी त्यावरच सुटली, मुलगा वर्षाचा व्हायच्या आत. सासऱ्यांशी तुम्ही बोलू नका, लसीकरणाला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या. आमच्या वडिलांनी डॉक्टरांचं ऐकलं आणि बिडी निदान घराबाहेर गेली.