मदत हवी आहे: कौटुंबिक हिंसाचारासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाण्याचा कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून यायच्या. परवा कणीक मळताना बाही वर सरकली आणि दंडावरचे काळेनिळे वळ दिसले. त्यांनी पटकन बाही खाली ओढली आणि म्हणाल्या, "पडले हो." मग परात बाजूला सारून रडल्या. मारहाण चौदा वर्षं चालू आहे.

पोलिसांत जायला त्या तयार नाहीत. "खोली त्याच्या नावावर आहे, लेकरांना घेऊन कुठे जाऊ?" २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात खोली कुणाच्याही नावावर असली तरी बायकोला तिथे राहण्याचा हक्क आहे, हे मी सांगितलं. त्यांना ते खरंच वाटेना. सातवीतली मुलगी तर शाळा बुडवून घरीच बसते, आईला एकटं सोडायचं नाही म्हणून. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

कायदा मी वाचलाय. संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली पीडित बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, त्रयस्थ माणूसही माहिती देऊ शकतो, वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. पण प्रत्यक्षात काय होतं? अर्ज केल्यावर नवऱ्याला नोटीस जाते, त्या मधल्या दिवसांत बाईची काळजी कशी घेतलीत? १८१ या महिला हेल्पलाइनवर कुणी फोन केला आहे का, किंवा सखी केंद्रात (हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात) कुणी कुणाला घेऊन गेलं आहे का? सोबत कोणती कागदपत्रं न्यावीत?

"सोडून दे त्याला" एवढाच सल्ला कृपया नको. निर्णय त्यांचा आहे, मला फक्त सोबत नीट करायची आहे.