शब्दचर्चा : बंड, उठाव, युद्ध आणि 'हरकी'ला काय म्हणायचं?

रंकाळाकाठ : अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा एक जाडजूड इतिहास वाचतोय. नुसत्या सनावळ्या नाहीत. माणसं, गल्ल्या, गुप्त बैठका डोळ्यांपुढं उभ्या राहतात. आमच्या कोल्हापूरच्या वाचनकट्ट्यावर त्यावर मराठीत बोलायचंय आणि शब्दांपाशी गाडी अडलीय. 1 नोव्हेंबर 1954 ला तिथं फ्रेंच सत्तेविरुद्ध जे पेटलं त्याला फ्रेंच सरकार युद्ध म्हणायलाच तयार नव्हतं. कागदोपत्री 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई'. कायद्यात 'अल्जीरियाचं युद्ध' हे शब्द आले ते 1999 मध्ये, देश स्वतंत्र होऊन 37 वर्षं झाल्यावर! मी काय म्हणू? बंड, उठाव की युद्ध? आणि असल्या इतिहासाला 'कथनात्मक इतिहास' म्हणताना जीभ अडखळते.

गडवाट : 'हकीकत' आहे की! गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणूनच ओळखला जातो. 'बखर' नको, लोक लगेच खरं-खोटं करायला बसतात.

रंकाळाकाठ : पण भटजींनी डोळ्यांनी बघितलं होतं. इथं लेखक बाहेरचा.

गडवाट : मग छापताना 'कथनपर इतिहास' लिहा, बोलताना हकीकत म्हणा. कट्ट्यावर कुणी अडवणार नाही. 'बंड' मात्र सोडू नका. 1844 ला सामानगड, भुदरगड, पन्हाळ्यावर गडकऱ्यांनी हत्यार उचललं. पिढीजात गड राखणारी माणसं, नव्या कारभारात जमिनींवर गदा येणार म्हणून पेटलेली. इंग्रजांचा अधिकारी कर्नल ओव्हान्स, त्याला धरून पन्हाळ्यावर ठेवला होता. इंग्रजांना फौजफाटा घेऊन गड घ्यावे लागले. आजही आपण 'गडकऱ्यांचं बंड' असंच म्हणतो, आणि छाती काढून म्हणतो.

करवीरची लेक : छाती काढण्याबद्दल वाद नाही, दादा. निवडणूक आली की आपल्याकडं 'बंडखोर' म्हणवून घ्यायला चढाओढ लागते. पण बंडाला धनी लागतो. ज्याच्याविरुद्ध बंड, त्याची सत्ता आधी गृहीत धरलेली असते. 31 जुलै 1857 ला कोल्हापुरात 27 व्या पलटणीनं केलं ते बंड, कारण शिपाई कंपनीचा पगार खात होते. पण छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज? त्यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं. ते कुणाचे चाकर होते, म्हणून बंडखोर ठरावेत? फ्रेंचांचं दुखणं हेच होतं. 1848 पासून अल्जीरिया त्यांच्या लेखी फ्रान्सचाच भाग, मग आपल्याच जिल्ह्यांशी युद्ध कसलं? तुम्ही 'अल्जीरियाचं बंड' म्हणालात की नकळत पॅरिसच्या खुर्चीत जाऊन बसलात.

गडवाट : हे पटलं, ताई. मग 'उठाव'? त्याला धनी लागत नाही.

करवीरची लेक : पहिल्या रात्रीच्या हल्ल्यांना चालेल. पुढची साडेसात वर्षं उठाव कसा म्हणणार? तिथं युद्धच. 'समर' म्हटलं की सावरकर आठवतात. तो शब्द आपली बाजू लपवत नाही, त्यामुळं बोलणारा त्या बाजूचा असेल तरच.

रंकाळाकाठ : आता खरी अडचण. 'हरकी' म्हणजे फ्रेंचांच्या बाजूनं लढलेले अल्जीरियन मुसलमान. मी टिपणात 'फितूर' लिहिलंय.

करवीरची लेक : खोडा. फितूर होतो तो आधी आपल्या गोटात असावा लागतो. यातले कितीतरी पोटासाठी भरती झाले, काही गावच्या भाऊबंदकीतून, काही समोरच्या बाजूनं घरातलं माणूस मारलं म्हणून. 1962 नंतर फ्रान्सनं बहुतेकांना मागं सोडलं आणि हजारोंची कत्तल झाली. मारणाऱ्यांच्या तोंडी 'फितूर' शोभेल, तुमच्या नाही.

गडवाट : 'शिबंदी' घ्या. कायम फौजेतली नाही, पगारावर ठेवलेली, मुलखातल्याच माणसांची. आपल्या जुन्या कागदांत पावलोपावली भेटते. "फ्रेंचांनी डोंगरी गावांतून शिबंदी उभी केली, तिच्यातल्या माणसाला हरकी म्हणत." झालं काम.

रंकाळाकाठ : झकास. एकच राहिलं. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना फ्रेंच 'फेलागा' म्हणायचे, वाटमारे अशा अर्थानं. 'पुंड' लिहू?

करवीरची लेक : लिहा, पण फ्रेंच अधिकारी बोलत असेल तेवढ्यापुरतं. तुमच्या वाक्यात आलं तर कट्ट्यावर मीच उठून विचारीन.