स्मोकरमधून धूर गळतोय, काय लावून बंद करू? मदत हवी आहे

बाणेरला घरामागच्या अंगणात मटण धुरावर शिजवायचा ड्रमचा स्मोकर आहे, झाकणाच्या कडेनं आणि फायरबॉक्स (लाकूड-कोळसा जाळायचा डबा) जोडलाय तिथनं धूर नुसता भसाभसा बाहेर येतो, नको ती हवा आत शिरते नि टेंपरेचर ११०-१२० डिग्रीवर टिकतच नाही. पुण्याच्या बोहरी आळीत लाल आरटीव्ही सिलिकॉन (उष्णता सोसणारी, फटी बुजवायची पेस्ट) मिळतं, इंजिनच्या गॅस्केटला लावतात ते, पण खाण्याच्या ठिकाणी चालतं का? बाथरूमचं सिलिकॉन नकोच, त्यात बरेचदा बुरशीनाशक असतं. झाकणाला फायबरग्लासची दोरी लावावी म्हटलं तर तिचे बारीक तंतू मटणावर पडले तर? घरात लहान पोरं खातात हो, म्हणून जीव धास्तावतो. फायरबॉक्सच्या सांध्याला फर्नेस सिमेंट (भट्टीला लावतात ते) टिकेल की सरळ वेल्डिंगच करून घेऊ? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, आणि नंतर रिकामा किती वेळ तापवायचा तेही.