‘गमत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न, दर्यापूरहून:
दिवाळीनंतर आई पंधरा दिवसांसाठी पुण्याला भावाकडे गेली. कापूस वेचणीचे दिवस, तिच्या मनात जायचं नव्हतंच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मले अठी गमत नाही.” वहिनी कोल्हापूरच्या. त्यांना ऐकू आलं ‘गंमत नाही’. मग त्या तिला रोज कुठे ना कुठे फिरवू लागल्या. बाग झाली, देऊळ झालं, मॉलही झाला. आई मला फोनवर म्हणे, “गाडीत फिरल्यानं गमते काय?” शेवटी वहिनींनी मलाच अर्थ विचारला आणि मी अडलो. कंटाळा म्हणावं, तर घरातलं काम ती आवडीनं करत होती. आठवण म्हणावं, तर दिवसातून दोनदा फोन. उदास म्हणावं, तर नातवंडांसोबत हसत होती. मग हे आहे काय?

उत्तर, आर्वीहून:
प्रमाण मराठीतला जवळचा शब्द ‘करमत नाही’. पण ‘गमणे’ गावंढळ नाही. शाळेत आमच्याकडून तो खोडून घेत, याचं मला आजही वाईट वाटतं. मुळाशी संस्कृत ‘गम्’, म्हणजे जाणे. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ यात जो काळ जातो, तोच तुमच्या आईचा पुण्यात जात नव्हता. जुन्या कवितेतलं ‘मज गमे’ म्हणजे ‘मला वाटते’, तेही याच घरातलं.

याचं व्याकरण बघा. ‘मी गमत नाही’ असं कोणी म्हणत नाही, ‘मले गमत नाही’ म्हणतात. भूक लागते, थंडी वाजते, तसंच. माणूस इथं कर्ता नाही, म्हणून दोषही त्याच्याकडे जात नाही. शिवाय या शब्दाला ठिकाण लागतं, नाहीतर काळ लागतो. ‘सासरी गमत नाही’, ‘बैलजोडी विकल्यापासून गमत नाही’. नुसतं ‘गमत नाही’ म्हटलं, तर ऐकणारा विचारतोच, काहून? कवापासून?

उत्तर, अचलपूरहून:
दोषाचं निघालं म्हणून लिहितो. 4थ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा ख्रिस्ती साधू होता. एकांतात राहणाऱ्या साधूंना भरदुपारी काय होतं, ते त्यानं लिहून ठेवलंय. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे पाहतो, राहत्या जागेचा आणि हातातल्या कामाचा वीट येतो, घरची माणसं आठवतात. शब्दाशब्दाला ‘गमत नाही’! पण त्याच्या लेखी हा दुपारचा सैतान. ‘अकेडिया’ हे त्याचं ग्रीक नाव. आठ दुष्ट विचारांत त्यानं तो मोजला आणि पुढं पश्चिमेच्या चर्चनं सात मोठ्या पापांतलं ‘आळस’ हे पाप त्यातून घडवलं.

1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घराच्या ओढीला रोग ठरवून ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये घरी परतणं आणि वेदना, असे दोन शब्द जोडून. त्याच्या प्रबंधात एका खेड्यातल्या मुलीची हकीकत आहे. पडून जखमी झाली म्हणून इस्पितळात ठेवली, तर अन्न-औषध नाकारून एकच बोले, ‘मला घरी जायचंय’. घरी नेली आणि थोड्याच दिवसांत बरी झाली.

भावना सगळीकडे सारखी, फक्त नावं वेगळी, हे मला पटत नाही. नाव बदललं की धावून येणारा माणूस बदलतो. पाप म्हटलं तर पाद्री, रोग म्हटलं तर डॉक्टर. आपल्याकडे लेकीला सासरी गमत नाही असं कळलं की तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी निघायचा.

आपले शब्दही बदललेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या 33 व्यभिचारी, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांत ‘औत्सुक्य’ आहे. ते होतं प्रिय माणसाच्या वियोगानं, त्याच्या आठवणीनं. लक्षणं कोणती? लांब उसासे, खाली घातलेली मान, पडून राहावंसं वाटणं. आज ‘निकालाची उत्सुकता’ म्हणताना यातलं काय उरलंय?

उत्तर, यवतमाळ जिल्ह्यातून:
मी आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशाताईंचं काम बघते. आमच्याकडे मनःस्वास्थ्याची प्रश्नावली असते, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांचे. एका बाईला आशाताईंनी विचारलं, “उदास वाटते का?” “नाही बा.” “कामात रस वाटत नाही, असं होते का?” “काम तं कराच लागते.” कागदावर सगळं शून्य. उठता उठता ताईंनी सहज विचारलं, “घरी गमते ना, माय?” बाई गप्प झाली. सुपातले तांदूळ निवडता निवडता हात थांबला. मग म्हणाली, “धनी गेल्यापासून कायचं गमते.” त्यानंतर ती तासभर बोलली.

म्हणून दोषही नाही, रोगही नाही, असं म्हणून हा शब्द सोडून देऊ नका. कधी त्याच्या आत मोठं दुखणं असतं, तेव्हा डॉक्टरकडे न्यावंच लागतं. पण विचारायचं बाईच्या शब्दात.

दर्यापूरहून पुन्हा:
ही सगळी चर्चा वहिनींना फोनवर वाचून दाखवली. म्हणाल्या, “आमच्याकडं ‘करमंना’ म्हणत्यात. आईंनी तेवढं म्हटलं असतं, तर तिसऱ्या दिवशीच गाडीत बसवून दिलं असतं की.”