लंडनहून कॉट्सवोल्ड्स: मोटारीशिवाय, एका दिवसात (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ
मे महिन्यातल्या एका मंगळवारी लंडनहून कॉट्सवोल्ड्सला, म्हणजे इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या आणि जुन्या दगडी खेड्यांच्या भागात जायचंय. चार मोठी माणसं, त्यातले दोघे साठीपुढचे. एकांचे गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासावर चालवत नाही. दोघांना अंडंही चालत नाही. गाडी चालवणारं कुणी नाही.
सध्याची यादी: मोरेटन-इन-मार्श, स्टो-ऑन-द-वोल्ड, बोर्टन-ऑन-द-वॉटर, लोअर आणि अप्पर स्लॉटर, बायबरी, चिपिंग कॅम्डन. हे बसतं का? क्रम कसा लावावा? तिकिटं कोणती घ्यावीत? आणि खायचं काय?

रानवाट
नाही बसत. बायबरी आणि कॅम्डन आत्ताच खोडा. कॅम्डन मोरेटनच्या उत्तरेला, म्हणजे तुमच्या बाकीच्या गावांच्या बरोबर उलट दिशेला आहे. बायबरी पार दक्षिणेला, आणि तिकडे बस इतक्या मोजक्या की एक हुकली तर दिवस गेला. शिवाय तिथली फोटोतली आर्लिंग्टन रो म्हणजे एक छोटी ओळ घरांची. सुंदर आहे, पण तेवढ्यासाठी अर्धा दिवस घालवू नये.

उरलेल्यांतली तीन गावं ८०१ नंबरच्या बसवर ओळीने येतात: मोरेटन, स्टो, बोर्टन. रस्ता जुना रोमन, फॉस वे, म्हणून जवळजवळ सरळ रेषेत. बस साधारण तासा-दीड तासाने असते आणि संध्याकाळी लवकर संपते. त्यामुळे आधी परतीची शेवटची बस कागदावर लिहा, मग बाकीचा दिवस तिच्यापासून मागे मोजत या.

मंगळवार निवडलात हे छान, मोरेटनचा बाजार त्याच दिवशी असतो. स्टेशनपासून पाच मिनिटांत हाय स्ट्रीट, म्हणजे गावचा मुख्य रस्ता. पण दुपारनंतर गाळे आवरायला लागतात, म्हणून तो उतरल्या उतरल्या पाहा. आपल्या आठवडी बाजारासारखाच आहे: भाज्या, चीज, पाव, रोपं, बरेचसे स्वस्तातले कपडे. पुराणवस्तूंच्या आशेने जाऊ नका, ती दुकानं स्टोमध्ये.

मग स्टोला न उतरता थेट बोर्टन गाठा आणि परतीच्या वाटेवर स्टो करा. दिवस कलताना स्टेशनच्या जवळ असलेलं बरं. बोर्टनला विंडरश नदी गावातूनच वाहते, घोट्याएवढं पाणी आणि त्यावर बुटके दगडी पूल. गर्दी भरपूर. तिथून लोअर स्लॉटर पायी सुमारे २ किमी, वाट बहुतेक सपाट. मध्ये हमरस्ता ओलांडावा लागतो, तिथे गाड्या सुसाट असतात. गिरणीपाशी ओढ्याकाठी अर्धा तास बसा, मग परत फिरा. अप्पर स्लॉटर आणखी दीड किमी, शेतातून आणि फाटकांतून, पावसानंतर चिखल. गुडघ्यांसाठी ते सोडा. (स्लॉटरचा कत्तलीशी संबंध नाही. दलदलीच्या जागेचा जुना इंग्रजी शब्द आहे तो.)

स्टोमध्ये चौकाकडे येणाऱ्या अरुंद बोळांकडे लक्ष द्या. मेंढ्यांचा बाजार भरायचा तेव्हा कळप एकेक करून मोजता यावा म्हणून ते इतके चिंचोळे. आणि सेंट एडवर्ड चर्चच्या उत्तरेकडच्या दाराला दोन्ही बाजूंनी यू वृक्षांची खोडं अशी चिकटून वाढली आहेत की जणू चौकटच झाडांची.

टपालपेटी
तिकिटाचं सांगतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मोरेटनला थेट रेल्वेगाडी, साधारण दीड ते पावणेदोन तास. फलाटावरच्या पाटीवर वुस्टर किंवा हेरफर्ड दिसेल, मोरेटन मधलं स्टेशन आहे.

सीनियर रेलकार्ड विकत घेऊ नका. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्हमध्ये तशीच एक तृतीयांश सवलत मिळते आणि कार्डाचे पैसे वाचतात. दोन्ही सवलती एकावर एक लागत नाहीत. अट अशी की चौघांनी जाता-येता बरोबर असायला हवं आणि तिकीट ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं, हवं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळच्या पहिल्या गाड्यांना चालत नाही, तेव्हा कुठल्या गाडीपासून चालतं ते तिकीट काढतानाच पाहा. परतीला विशिष्ट गाडीला बांधलेलं ॲडव्हान्स तिकीट टाळा. बस उशिरा आली की ते वाया.

बसला सध्या एकेरी प्रवासाला जास्तीत जास्त ३ पौंड. थांब्यावर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात दाखवा.

चहाबाज
"व्हेजिटेरियन" म्हणजे तिकडे अंडं आलंच. "नो एग" म्हणूनही काम होईलच असं नाही. त्यापेक्षा ॲलर्जनची यादी मागा. कायद्याने चौदा पदार्थांची माहिती द्यावीच लागते आणि अंडं त्यात आहे. कुणाला स्कोन (चहासोबतचा छोटा गोडसर पाव) हवाच असेल तर वरची ती सोनेरी तकाकी बहुधा अंड्याची, हे ध्यानात ठेवा. चीज टोस्टवर वुस्टरशायर सॉस घालतात, त्यात अँकोव्ही मासे असतात. चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हे विचारा. यॉर्कशायर पुडिंगमध्ये तर अंडं असतंच.
बिनधास्त मागवायचं तर भाजलेला बटाटा, वर बीन्स. पबचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं, आणि ऑर्डर बारवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून द्यायची. टेबलावर कुणी येईल म्हणून बसून राहाल.

कृष्णाकाठ
यादी छाटली. ज्येष्ठांपैकी एकांना इतिहासाची आवड आहे. भारताशी जोडलेलं काही वाटेत आहे का?

रानवाट
आहे, आणि चांगलंच. मोरेटनपासून थोड्याच अंतरावर सेझिनकोट. ईस्ट इंडिया कंपनीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने, सॅम्युअल पेपीस कॉकरेलने, १८०५ च्या सुमारास बांधलेला वाडा: वर तांब्याचा कांद्यासारखा घुमट, बागेतल्या पुलावर नंदी. पण बाग आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी, त्यात मंगळवार नाही. म्हणजे बाजार किंवा बाग, एकच मिळेल. सार्वजनिक पायवाटेवरून वाडा दिसतो, ती बोर्टन-ऑन-द-हिलहून लाँगबरोला जाते. हे बोर्टन वेगळं! टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगा.

स्टोच्या पूर्वेला डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जची, म्हणजे कंपनीच्या बंगालमधल्या पहिल्या गव्हर्नर-जनरलची समाधी आहे. मराठे आणि इंग्रजांमधला १७८२ चा सालबाईचा तह त्याच्याच कारकिर्दीतला, त्यामुळे मराठी माणसाने दोन मिनिटं थांबायला हरकत नाही. मात्र तिथे टॅक्सीशिवाय जाणं अवघड, आणि टॅक्सी रस्त्यात हात करून मिळत नाही, ॲपवरही भरवसा नको. मोरेटनमधली एखादी आदल्या दिवशी फोन करून ठरवा. तोच नंबर जवळ ठेवा: स्टोहून शेवटची बस चुकली तर मोरेटन सुमारे ७ किमी, आणि तो हमरस्ता पायी जायचा नव्हे.